खाजणात पुरलेलं उकरताना

चूक आमचीच होती, हे आधी सांगून टाकतो. मालाडच्या खाडीकाठी माती-परीक्षणाच्या बोअरिंगचं काम आमच्याकडे होतं, सुपरवायझर मी. रिग (बोअर पाडायचं यंत्र) हलवायच्या आदल्या रात्री पोरांनी बेंटोनाइटचा, म्हणजे बोअरिंगला वापरतात त्या चिकणमातीचा गाळ, सॅम्पलच्या पिशव्या, डिझेलची फडकी सगळं तिवरांच्या कडेला खड्डा करून पुरलं. ट्रकची एक खेप वाचली. मला कळलं दोन महिन्यांनी, वनखात्याच्या फोनवरून. चिंबोऱ्या धरायला गेलेल्या एका मावशीच्या पायाला प्लास्टिक लागलं होतं.

पंचनाम्याला ती हजर. "तुझ्या अंगणात पुरला असतास का रे हा चिखल?" एवढंच म्हणाली.

मला वाटलं, जेसीबी लावू, अर्ध्या दिवसात मोकळे. वनखात्याच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. हायकोर्टाच्या २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीचा, म्हणजे तिवरांच्या जंगलाभोवतीचा ५० मीटरचा पट्टासुद्धा राखीव आहे. शिवाय तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, झाड त्यांतूनच हवा घेतं. जेसीबीखाली ती चिरडणार. आणि आमचा बेंटोनाइट पाणी पिऊन फुगणारा, त्याचा थर बसला की मुळांची छिद्रं बुजतात. म्हणजे हातानेच काढायचं, तेही सांडू न देता.

परवानगीचा अर्ज, नकाशा, माणसांची यादी हे आठवड्यात झालं. अडलं ते "कचरा कुठे जाणार" या पत्रावर. डेब्रिसवाले ओला गाळ घेईनात, आणि डिझेल लागलेली माती तर घातक कचऱ्यात मोडते. तीन आठवडे त्यातच गेले.

आता खड्डा नेमका कुठे? रजिस्टरमध्ये प्रत्येक बोअरची खोली सेंटिमीटरपर्यंत लिहिलेली, या खड्ड्याचा शब्द नाही. खणणारा हेल्पर गावी गेलेला. व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "ड्रमच्या डावीकडे." ड्रम तर आम्ही कधीच उचलून आणला होता! शेवटी सळई खुपसत फिरलो. खाजणाच्या मऊ चिखलात ती सरळ आत जाते. खाली पिशवी असली की हाताला किंचित उसळी लागते. तशा उसळीवर बांबू रोवत गेलो.

दिवस मावशीनेच ठरवून दिले. भांगाला या, उधाणाला नको. भांग म्हणजे लहान भरतीचे दिवस, उधाण म्हणजे मोठ्या भरतीचे; भांगाला पाणी तिथवर चढत नाही. फळ्या टाकून, घमेल्यांनी चार दिवस उपसलं. दुसऱ्या दिवशी एक पिशवी माझ्याच हातात फुटली. ओल्या साबणासारखा गाळ कोपरापर्यंत, त्यावर डिझेलची इंद्रधनुषी साय. ती माती वेगळ्या ड्रमात भरून तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवली. एकूण ६१ पिशव्या निघाल्या.

त्याच सुमारास अर्कारूलाबद्दल वाचलं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या त्या डोंगराळ अभयारण्यात युरेनियम शोधणाऱ्यांनी ड्रिलिंगचा कचरा असाच पुरला होता. २००८ मध्ये ते उघडकीस आलं, आणि २०१२ मध्ये तिथे खाणकामच कायद्याने बंद झालं. आमच्या पोरांना दाखवलं. "तिकडंपण ट्रक वाचवला काय?" एकाने विचारलं.

खड्डा बुजवायला साहेबांनी बाहेरची माती आणू दिली नाही. भरती आपला गाळ आणून भरेल म्हणाले. पुढच्या उधाणानंतर बघायला गेलो, तर घोटाभर पाणी आणि कडेला दोन निवट्या, चिखलात राहणारे ते छोटे मासे. मावशी तिथेच होती. तिने काही न बोलता टोपलीतून चुरगळलेली सॅम्पलची पिशवी काढून माझ्या हातात ठेवली. बासष्टावी.