रोज पळतो, मग खायला मोकळा ना?

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, टेबलावर माणूस डाव्या कुशीवर वळून पडद्याकडे बघत असतो, मी त्याच्या बरगड्यांमधून प्रोब फिरवत असते, आणि दोन-चार मिनिटं शांततेत गेली की प्रश्न येतो. शब्द बदलतात, प्रश्न तोच. परवाचे गृहस्थ पन्नाशीचे, रोज तासभर पळणारे. म्हणाले, "मी खातो तेवढं जाळून टाकतो. मग तेलकट खाल्लं म्हणून हृदयाला काय होणारे?" टेबलावर मी उत्तर देत नाही. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, शिवाय बोलण्यात लक्ष गेलं की माप चुकतं. पण इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहूनच टाकते.

आधी एक गंमत. हृदयाला चरबीचं वावडं नाही, उलट तेच त्याचं मुख्य जळण. आराम करताना हृदयाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी साठ-सत्तर टक्के मेदाम्लांतून येते, उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट वगैरेंतून. जेमतेम ३०० ग्रॅमचा हा स्नायू दिवसाला सुमारे १ लाख ठोके देतो आणि त्यासाठी किलोंच्या हिशेबात एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, तयार करून लगेच खर्चून टाकतो. शिल्लक जवळपास शून्य. पुरवठा थांबला तर हाताशी असलेलं एटीपी काही सेकंदांत संपेल. हातावर पोट असलेला कामगारच म्हणा ना.

मग बिघडतं कुठे? आवक आणि जळण यांचा मेळ सुटला की. फिलिप रँडल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवलं की चरबी आणि ग्लुकोज ही जळणं पेशीत एकमेकांशी स्पर्धा करतात. चरबीचा लोंढा आला की पेशी ग्लुकोजचं दार लोटून घेते. आणि चरबी वजनाला भरपूर ऊर्जा देत असली तरी तेवढ्याच ऊर्जेसाठी तिला ग्लुकोजपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऑक्सिजन लागतो. धडधाकट हृदय हे खपवून घेतं. पण जळणापेक्षा आवक महिनोन्‌महिने जास्त राहिली की उरलेल्या चरबीचे थेंब स्नायूच्या पेशीतच साचतात. त्यातूनच सेरामाइडसारखे पदार्थ बनतात, ते ग्लुकोज आत घ्यायचा इन्सुलिनचा निरोप अडवतात आणि मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीतल्या जळण जाळणाऱ्या भट्ट्यांचं, काम बिघडवतात.

हे सगळं मला पडद्यावर दिसत नाही. मला दिसतो तो त्याचा पहिला परिणाम, आणि तो आकुंचनात नसतो. लोक रिपोर्ट हातात पडला की 'ईएफ' शोधतात, म्हणजे एका ठोक्यात डावा कप्पा आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर फेकतो ते. साठ दिसलं की चेहरा खुलतो. पण हृदय आधी कुरकुरतं ते सैल होताना. मूठ आवळायला जोर लागतो, सोडायला कशाला, असं आपल्याला वाटतं. स्नायूचं गणित तसं नाही. पेशीत आलेलं कॅल्शियम पंपाने उपसून परत कोठारात भरावं लागतं, तेव्हाच तंतू सुटतात, आणि तो पंप एटीपीवर चालतो. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते एटीपी संपल्यामुळेच. सोडायला ऊर्जा उरलेली नसते. म्हणून ऊर्जेची ओढाताण सुरू झाली की हृदय पिळायचं काम निभावून नेतं आणि सैल व्हायला उशीर लावतं.

पडद्यावर ते असं दिसतं: डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेपाशी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारा इकोचाच प्रकार, लावला की प्रत्येक ठोक्याला दोन शिखरं उमटतात. पहिलं ई, कप्पा सैल होऊन रक्त आपोआप आत ओढलं जातं त्याचं. दुसरं ए, वरच्या कप्प्याने शेवटी ढकलून दिलेल्या रक्ताचं. तरुण हृदयात ई उंच, ए बुटकं. सैल होणं मंदावलं की ई खचतं आणि ए त्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. गोम अशी की आजार आणखी वाढला की मागचा, म्हणजे वरच्या कप्प्यातला, दाब चढतो आणि ई पुन्हा उंच होतं, चित्र अगदी नॉर्मल दिसतं. नवखी असताना मी एकदा फसलेय. म्हणून आता हृदयाच्या भिंतीचाच वेग मोजल्याशिवाय हात उचलत नाही. भिंत खोटं बोलत नाही, निदान शिखरांपेक्षा कमी बोलते.

चरबीने माणसात हे खरंच होतं का? ऑक्सफर्डमधला २०११ साली छापून आलेला एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. निरोगी तरुणांना फक्त पाच दिवस असा आहार दिला ज्यात ७५ टक्के कॅलरी चरबीतून येत होत्या. एवढ्यात हृदयाच्या ऊर्जासाठ्याचं माप, म्हणजे फॉस्फोक्रिएटिन (एटीपी पुन्हा भरून देणारा राखीव साठा) आणि एटीपी यांचं गुणोत्तर, साधारण ९ टक्क्यांनी उतरलं. नेहमीचं खाणं सुरू केल्यावर दोन आठवड्यांत पूर्ववत झालं. पाच दिवसांत कुणाचं हृदय बिघडत नाही, पण एवढ्या अवधीत त्याच्या ऊर्जेच्या हिशेबात फरक पडतो, हे मला ठाऊक नव्हतं.

बाकी पुष्कळशी माहिती उंदरांकडून आलेली आहे, आणि तिथे मी जरा हात राखून बोलते. प्रयोगांत उंदरांना बरेचदा ६० टक्के कॅलरी चरबीतून देतात, तुलनेच्या गटाला दहाच्या आसपास. काही महिन्यांत उंदीर लठ्ठ होतो, साखर चढते, आणि बऱ्याच प्रयोगांत ईएफ शाबूत राहून सैल होणं मंदावलेलं सापडतं. पण उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके देतं. एवढ्या वेगात ई आणि ए एकमेकांत मिसळून जातात, भूल देऊन ठोके उतरवले तरच वेगळे दिसतात. असं काढलेलं माप माणसाला जसंच्या तसं लावायला मी धजावत नाही. शिवाय रक्तदाब वाढवलेल्या उंदरांच्या काही प्रयोगांत जास्त चरबी आणि कमी कर्बोदकं देऊन हृदयाची जाडी कमी राहिली, असंही निघालंय. आणि २०१९ मध्ये ज्या उंदरांत ईएफ चांगला असूनही हृदय निकामी होण्याचा आजार नीट उभा करता आला, त्यांना चरबीच्या जोडीला रक्तदाब चढवणारं औषधही द्यावं लागलं होतं. एकट्या चरबीच्या माथी सगळं मारता येत नाही, हे त्यावरून मला पटलं.

आता पळण्याकडे येऊ, कारण त्या गृहस्थांचं म्हणणं अर्धं खरंच आहे. पळणं, पोहणं, सायकल, झपझप चालणं असा दम लावणारा व्यायाम नेमका त्याच जागी काम करतो जिथे चरबी बिघडवते. मायटोकॉन्ड्रिया वाढतात, कॅल्शियम उपसणारा पंप तेज होतो, इन्सुलिनचा निरोप पुन्हा पोचायला लागतो. गंमत म्हणजे लांब पल्ल्याचे खेळाडू घ्या किंवा मधुमेही, दोघांच्याही पायाच्या स्नायूत चरबीचे थेंब भरपूर सापडतात. फरक इतकाच की खेळाडूच्या कोठारातला माल रोज उचलला जातो.

न हलण्याची किंमत किती, हे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसला दिसलं. विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता एक चतुर्थांशाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयानेही तेवढी घसरण झालेली नव्हती. डॅलसमध्येच २०१८ च्या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या, बैठं आयुष्य काढलेल्या निरोगी माणसांनी दोन वर्षं आठवड्याला चार-पाच दिवस व्यायाम केला. त्यात थोडा चांगलाच दमवणारा होता. त्यांच्या डाव्या कप्प्याचा ताठरपणा कमी झाला आणि क्षमता सुमारे १८ टक्के वाढली. दुसऱ्या एका अभ्यासात सत्तरीच्या आसपास पहिल्यांदा सुरुवात केलेल्यांत वर्षभराने क्षमता वाढली, ताठरपणा मात्र तसाच राहिला होता. उशीर झाला की काही गोष्टी परत मिळत नाहीत, म्हणून पन्नाशीच्या लोकांना मी हे हटकून सांगते.

माझंही सांगते. रात्रपाळ्यांच्या काळात हाताला येईल ते खायचे, बहुधा तळलेलं, आणि दुसरा जिना चढताना थांबायचे. चालायला लागल्यावर आठ महिन्यांनी सहकारी मैत्रिणीकडून इको काढून घेतला. भिंतीचा वेग सेकंदाला सेंटिमीटरभराने वाढलेला. खूश व्हावं तर तेवढा फरक प्रोब जरा तिरका धरल्यानेही पडतो, हे मलाच ठाऊक. जिना मात्र आता न थांबता चढते.

आता राहिलेलं अर्धं. मी टेबलावर बघते तो पंप. त्या पंपाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांचं खातं वेगळं, आणि विश्रांतीच्या वेळच्या साध्या इकोत त्यांच्यातले अडथळे सहसा दिसत नाहीत. व्यायामाने रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी उतरते, एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल थोडं वाढतं, पण एलडीएल म्हणजे नळ्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल फारसं हलत नाही. ते हलतं संपृक्त चरबी (तूप, लोणी, वनस्पती यांतली) कमी करून तिच्या जागी असंपृक्त (शेंगदाणा, सूर्यफूल अशा तेलांतली) घेतल्याने. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा हाच: एकूण चरबी ३० टक्के कॅलरींच्या आत, संपृक्त १० टक्क्यांच्या आत. जिम फिक्स या माणसाने सत्तरच्या दशकात अमेरिकेला पळायचं वेड लावलं. आधी रोज दोन पाकिटं सिगारेट ओढणारा, वजनदार. पस्तिशीत पळायला लागला, सिगारेट सोडली, वजनही उतरवलं. १९८४ मध्ये पळतानाच गेला, वय ५२. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणात तुंबलेल्या निघाल्या. त्याच्या वडिलांना ३५ व्या वर्षी झटका आला होता आणि ४३ व्या वर्षी ते गेले होते. म्हणजे पळण्याने तो मेला असं नाही, कदाचित नऊ वर्षं जास्तच जगला. पण जाळून टाकतो म्हणणाऱ्याच्या नळ्यांत काय साचलंय, ते पळण्याच्या वेगावरून कळत नाही.

परवाच्या गृहस्थांची भिंत झकास हलत होती, वयाच्या मानाने फारच. मी तसं बोलले नाही. टिश्यू दिला आणि नुसतं विचारलं, "कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलंत?" जेल पुसता पुसता ते थांबले, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "पळायला लागलो त्याच्या आधी. म्हणजे... नऊ वर्षं झाली."