खोडरबर न वापरता केलेली यादी

हिशेब तपासण्याचं काम करणाऱ्या माणसाला एक सवय हाडीमाशी लागते: चुकलेला आकडा खोडायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी नवा लिहायचा. मोठ्या सायकल शर्यतींची माझी वही याच पद्धतीने चालते. फ्रान्सची टूर द फ्रान्स, इटलीची जिरो आणि स्पेनची व्हुएल्ता, दर वर्षीचे पहिले तिघे आणि त्यांच्यातलं अंतर. 1991 ते 2012 ही पानं आता इतक्या रेघांनी भरलीत की अनोळखी माणसाला वाटावं, लिहिणारीला बेरीज येत नाही. डोपिंगमुळे, म्हणजे बंदी असलेली द्रव्यं घेतल्यामुळे, निकाल मागाहून बदलले, त्याच्या त्या रेघा. त्याच पानांवरून त्या काळातल्या सगळ्यांत मोठ्या सायकलपटूंची क्रमवारी लावायला मी बसले.

दादा म्हणतो, एवढी डोकेफोड कशाला? सगळेच घेत होते, म्हणजे सगळे सारखेच. जो जिंकला तो मोठा. हे मला कधीच पटलेलं नाही. ईपीओ हे संप्रेरक रक्तातल्या लाल पेशी वाढवतं, म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त. 1997 पासून हिमॅटोक्रिटला, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाला, 50 टक्क्यांची मर्यादा आली. त्यावर गेलात तर शर्यतीबाहेर. आता ज्याचं मूळचंच 47 आहे त्याला वर जायला तीनच अंश मोकळे, आणि ज्याचं 40 आहे त्याला दहा. म्हणजे निसर्गाने ज्याला कमी दिलं, त्याचाच फायदा जास्त. शिवाय चांगला डॉक्टर, पैसा, आधी काढून ठेवलेल्या, परत चढवायच्या रक्ताच्या पिशव्या वेळेवर पोचवणारी माणसं, हे सगळ्यांकडे सारखं कुठे होतं? तेव्हा या यादीतून खरी ताकद कोणाची जास्त ते कळणार नाही. तीन आठवडे शर्यत कोणाच्या मुठीत होती, एवढ्यावरच मी क्रम लावू शकते.

पहिला मिगेल इंदुराइन. 1991 ते 1995 सलग पाच टूर, आणि 1992, 1993 अशी लागोपाठ दोन वर्षं जिरोही. मे-जूनमध्ये इटलीत तीन आठवडे, जुलैत फ्रान्समध्ये तीन आठवडे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्यावर डोपिंगची शिक्षा कधी झाली नाही. काळ मात्र तोच होता, म्हणून तो या यादीत आहे; त्याच्या नावावर रेघ नाही.

1992 ची लक्झेंबर्गमधली टाइम ट्रायल अजून डोळ्यांसमोर येते. 65 किलोमीटर. टाइम ट्रायलमध्ये एकेकाला सोडतात, प्रत्येकाची लढाई घड्याळाशी. इंदुराइनच्या सहा मिनिटं आधी लोराँ फिन्यों निघाला होता, दोनदा टूर जिंकलेला माणूस. इंदुराइनने त्याला वाटेत गाठलं आणि मागे टाकलं. पाठ सपाट, खांदे स्थिर, चेहऱ्यावर काही नाही. दुसरा आलेला त्याच्याच संघातला, पूर्ण तीन मिनिटं मागे. लोक त्याला कंटाळवाणा म्हणत, कारण डोंगरात तो हल्ला करायचा नाही, नुसता सोबत राहायचा. पण शर्यत मुठीत असणं म्हणतात ते हेच ना?

शेवट मात्र बघवला नाही. 1996 ची टूर त्याच्या गावावरून, पाम्प्लोनाजवळच्या व्हियाव्हावरून जाईल असा मार्ग आखला होता, अर्थातच जल्लोषासाठी. तो त्या टप्प्यात आठ मिनिटांहून जास्त मागे पडून आला. ती टूर जिंकली ब्यार्न रीसने, आणि 2007 मध्ये त्याने ईपीओ घेतल्याचं स्वतःच कबूल केलं. टूरवाल्यांनी त्याचं नाव आधी काढलं, वर्षभराने तारांकित करून परत ठेवलं. वहीत रीसवर रेघ आहे आणि रेघेवर तारा आहे. माझ्या साहेबांनी असं पान पाहिलं असतं तर परत पाठवलं असतं.

दुसऱ्या जागेवर माझी पेन्सिल सर्वांत जास्त अडली. शेवटी अल्बेर्तो कोंतादोर. तीनही शर्यती त्याने जिंकल्या, प्रत्येक किमान दोनदा. त्याच्या हिशेबात नऊ विजय, कागदोपत्री सात. 2010 च्या टूरमध्ये नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, अगदी अंशमात्र. तो म्हणाला, मांसातून आलं. क्रीडा लवादाने फेब्रुवारी 2012 मध्ये ते मान्य केलं नाही. ती टूर गेली आणि सोबत 2011 चा जिरोही गेला, ज्यात तो सहा मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला होता. 2010 चा फरक होता 39 सेकंद. आणि पोर्त द बालेसच्या चढावर दुसऱ्या आलेल्या अँडी श्लेकची साखळी पडली तेव्हा कोंतादोरने त्या दिवशी मिळवलेला वेळही 39 सेकंदच. इतका नेमका ताळा जुळला की मला आधी संशय येतो.

दुसरा क्रमांक त्याला मी शिक्षेनंतरच्या एका दिवसासाठी देते. 2012 ची व्हुएल्ता, फुएन्ते देचा टप्पा. आघाडीवर असलेल्या रोद्रिगेसला डोंगरात रोज हरवायचा प्रयत्न फसलेला. मग जिथे कोणी हल्ला करत नाही अशा मधल्याच चढावर, शेवटच्या रेषेपासून पन्नासेक किलोमीटर आधी, हा सुटला. संध्याकाळपर्यंत रोद्रिगेस अडीच मिनिटांहून जास्त मागे.

म्हणजे लान्स आर्मस्ट्राँग तिसरा? हो. दादा इथे वही मिटतो. सात सलग विजय, 1999 ते 2005, 2012 मध्ये सगळे रद्द, आणि ती जागा कोणालाच दिली नाही. माझ्या वहीतही सात कोरे चौकोन आहेत. पण ते राहिले असते तरी मी त्याला वर नेलं नसतं. वर्षभर एकाच शर्यतीची तयारी, बाकी दोन मोठ्या शर्यतींतून एकही विजय नाही. आणि यंत्रणा! 1999 मध्ये ईपीओ घेऊन मोटरसायकलवर मागे फिरणारा माणूस, 2004 मध्ये बस बिघडल्याचं नाटक करून डोंगरी रस्त्याकडेला चढवलेलं रक्त. साक्षी सगळ्या संघातल्यांच्या.

1999 बद्दल एक गोष्ट मात्र कोणी बोलत नाही. तो दुसऱ्या आलेल्या आलेक्स झ्युलेपेक्षा 7 मिनिटं 37 सेकंदांनी जिंकला. त्यातली सहा मिनिटांहून जास्त एकाच दिवसातली. दुसऱ्याच टप्प्यात शर्यत पासाज द ग्वा या रस्त्यावरून गेली, जो भरतीला समुद्राखाली जातो. ओहोटीनंतर वर शेवाळ, ओलं, साबणासारखं. मागे पडझड झाली, झ्युले त्यात अडकला, आर्मस्ट्राँग पुढच्या गटात होता. ते शेवाळ वजा करा, उरतं दीड मिनिटाच्या आसपास. (झ्युलेही धुतल्या तांदळासारखा नव्हे, 1998 च्या फेस्टिना संघाच्या डोपिंग प्रकरणात त्याने कबुली दिली होती.)

मार्को पंतानीला क्रमांक द्यावा की नाही, हेच मला ठरवता येत नाही. मुठीत ठेवणं हा त्याचा स्वभावच नव्हता, तो उधळायचा. 27 जुलै 1998, टूरमधला गालिबिए घाट, थंड पाऊस. तो चढावर सुटला, उतारापूर्वी थांबून त्याने रेनकोट अंगावर चढवला. थांबला, विचार करा. तोवर आघाडीवर असलेला यान उलरिख कुडकुडत खाली आला, वर पंक्चर, आणि त्या एका दिवसात जवळजवळ नऊ मिनिटं गमावून बसला. त्याच वर्षी पंतानीने जिरो आणि टूर दोन्ही नेल्या. असं जोडीने जिंकणारा पुढचा माणूस भेटायला 2024 पर्यंत थांबावं लागलं. 1999 च्या जिरोत ओरोपाच्या चढाआधी त्याची साखळी उतरली. ती बसवून तो एकोणपन्नास जणांना मागे टाकत पहिला आला. थोड्याच दिवसांत, जिरो संपायला दोन दिवस असताना, सकाळच्या तपासणीत हिमॅटोक्रिट 52 भरलं आणि गुलाबी जर्सी, म्हणजे जिरोतली आघाडी, गेली. फेब्रुवारी 2004 मध्ये रिमिनीत तो गेला. फ्रेंच सिनेटच्या 2013 च्या अहवालात 1998 चे जुने नमुने ईपीओयुक्त निघालेल्यांत त्याचं नाव आहे, उलरिखचंही. चौथा. पण पेन्सिलीने.

पाचवा उलरिख: 1997 ची टूर नऊ मिनिटांनी, 1999 ची व्हुएल्ता, आणि टूरमध्ये पाच वेळा दुसरा. याहून जास्त लिहिवत नाही. इतकं अंगभूत बळ असताना दर हिवाळ्यात वजन वाढवून येणाऱ्या माणसावर माझा राग आहे.

टोनी रोमिंगर सहावा, 1992 ते 1994 सलग तीन व्हुएल्ता आणि 1995 चा जिरो. त्याच्याखाली रोबेर्तो एरास. त्याने चार व्हुएल्ता जिंकल्या. 2005 ची ईपीओपायी गेली, मी रेघ मारली. 2012 मध्ये स्पेनच्या न्यायालयाने ती परत दिली, तेव्हा रेघेखालचंच नाव शेजारी पुन्हा लिहावं लागलं. त्या ओळीत एरास दोनदा आहे, एकदा खोडलेला, एकदा नाही, आणि दोन्ही अक्षरं माझीच.