तुम्ही विचारलंत म्हणून: नखांवर तिरंगा का नाही?

ऑगस्ट लागला की पार्लरमध्ये हा प्रश्न येतोच, जानेवारीत पुन्हा येतो. "ताई, नवरात्रात नऊ रंगांची नखं करता, पाडव्याला गुढी काढता, मग तिरंग्यालाच नाही का म्हणता?" कुणी त्यापुढे जाऊन विचारतं, "देशाचं काही वाटत नाही का तुम्हाला?" हे मनाला लागतं. म्हणून एकदा सगळं सांगते.

मी तिरंगा काढलाय. चार वर्षं काढला, जीव ओतून काढला. चक्राचे २४ आरे नखावर मावत नाहीत. सगळ्यात बारीक ब्रशने आठच्या पुढे गेलं की निळा ठिपका होतो, याचीही मला खंत वाटायची. टोकाकडे केशरी काढला तर हात वर असेपर्यंत ठीक, हात खाली सोडला की केशरी जमिनीकडे. उलटा काढला तर सलाम करतानाच चुकतं. पायाच्या नखांवर मात्र कधीच काढला नाही. कमरेखाली झेंडा नको, हे २००५ पासून कायद्यात आहे.

चौथ्या वर्षी १६ ऑगस्टला तिरंगा उतरवून घ्यायला रांग होती. शाळेतल्या बाई, बँकेतल्या मुली. ॲसिटोनचा कापूस, वर फॉइल, दहा मिनिटांनी खरवडायचं आणि डब्यात टाकायचं. एका कॉलेजच्या मुलीची प्रेस-ऑन, म्हणजे वरून चिकटवायची प्लास्टिकची नखं होती, ती ट्रेमध्ये टाकली, काही खाली पडली असावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर वाटी. त्यात ती नखं, धुऊन ठेवलेली. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "हे मी केरात नाही टाकणार. तुमचं तुम्ही बघा."

मी चिडले. "मावशी, पॉलिश आहे ते!" त्या काही बोलल्या नाहीत, पुढचं झाडत राहिल्या. त्यांच्या घरचं फौजेत कुणी नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या साताऱ्यात ही गोष्ट ऐकली की लोक तसंच धरून चालतात.

वाटी दोन दिवस तिथेच होती. मग घरी नेली. फाटलेला झेंडा एकांतात, शक्यतो जाळून, पूर्ण नष्ट करावा असं ध्वजसंहितेत आहे. प्लास्टिक जाळवेना. रात्री दार लावून वाटीत ॲसिटोन ओतलं, वाटलं रंग तेवढा उतरेल. प्रेस-ऑनचं प्लास्टिक त्यात विरघळतं, हे मला रोजच्या कामातून ठाऊक होतं. तरी ओतलं. केशरी, पांढरा, हिरवा, निळा, सगळ्याचा एक मळकट गोळा झाला. तो हातात घेऊन मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. शेवटी जास्वंदीखाली पुरला. तेही बरोबर केलं असं वाटत नाही.

त्यानंतर मी राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणारा १९७१ चा कायदा नीट वाचला. कशावरही काढलेलं झेंड्याचं चित्र त्यात झेंडाच धरलंय. नखांचा उल्लेख कुठे नाही. पण तेव्हाची मी आजही माझ्याशी भांडते. ती म्हणते, साध्या माणसाला वर्षभर झेंडा लावायची मोकळीक २००२ साली मिळाली, २०२१ मध्ये पॉलिएस्टरचाही चालेल म्हणाले. मग आनंदाने हात पुढे करणाऱ्या पोरीला तू कोण अडवणारी? तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. आणि गिऱ्हाईक गेलं, हेही खरंच आहे.

आता मी एका बोटावर केशरी, एकावर मोगऱ्याची पांढरी फुलं, एकावर हिरवं पान काढते. झेंडा नाही, असं स्वतःला सांगते. गेल्या वर्षी एका मुलीने फोटोसाठी तीन बोटं जुळवून धरली. मधल्या बोटावर तिने स्वतःच पेनाने निळं चक्र काढलं होतं. किती छान दिसत होतं ते!

उतरवायला कधी येऊ, तिने विचारलं. मी दुपारची वेळ दिली, मावशी झाडून गेल्यानंतरची.