मागच्या सीटवरचा गाईड

सोलापूरला आमच्या घरी पाहुणा आला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाईड होतो. पस्तीस वर्षं होतोय, बिनपगारी. फेरी ठरलेली. आधी सिद्धेश्वर मंदिर, मग शेजारचा भुईकोट किल्ला, इंद्रभुवनाला गाडीतूनच नमस्कार, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी दोन मिनिटं गंभीर चेहरा, मग चादरीचं दुकान, मग शेंगाचटणी, मग घर. वाक्यंसुद्धा ठरलेली. सात रस्त्याला आलो की पाहुण्याला रस्ते मोजायला लावायचे. कुणाचे सहा भरतात, कुणाचे आठ. सात भरलेला पाहुणा अजून भेटायचा आहे. मी बोलत असताना बायको मागे बसून नुसते ओठ हलवते. माझी वाक्यं तिला माझ्याआधी पाठ झाली आहेत.

गेल्या डिसेंबरात नाशिकहून व्याही आणि विहीणबाई यायच्या होत्या. मी मनातल्या मनात तालीम सुरू केली होती, तोवर जावयाचा फोन आला.

"बाबा, तुम्ही दगदग करू नका. मी गाडी सांगितलीये. ड्रायव्हरच गाईड आहे. आठ तास, ऐंशी किलोमीटर."

मला आधी ते ऐंशी किलोमीटरच कळेनात. सोलापुरात ऐंशी किलोमीटर संपवायचे तर अक्कलकोटला जाऊन यावं लागतं. शहरातल्या शहरात कितीही गरगरलं तरी चाळिसाच्या पुढे काटा जात नाही. पण खरी बोच वेगळी होती. दगदग करू नका म्हणजे काय? बापाची गादी चाळीस वर्षं चालवणारा वकील आहे आणि अचानक कुणी म्हणतंय, आबा, तुम्ही बसा, आम्ही बाहेरून वकील आणलाय.

शनिवारी सकाळी आठला गाडी दारात. सात सीटर, पांढरी, आतून नव्या प्लास्टिकचा वास. ड्रायव्हर पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूतीचं बोट. बसण्याची मांडणी आपोआपच ठरली. पुढे व्याही, मधे विहीणबाई आणि आमची ही. मी राहिलो. यजमान, तेव्हा मागे. सात सीटर गाडीच्या तिसऱ्या रांगेत कुणी बसलं असेल तर त्याला पुढचं सांगायला नको. गुडघे हनुवटीला, शेजारी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं, आणि जग दिसायला एक तिकोनी काच. त्या काचेतून रस्ता दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. वरचे मजले, विजेच्या तारा आणि दुकानांच्या पाट्यांचा वरचा अर्धा भाग दिसतो. नवी पेठेतून मी हजारो वेळा गेलो असेन. त्या दुकानांच्या डोक्यावर माणसं राहतात, तिथं कपडे वाळतात, एका गच्चीत पिंपात लिंबाचं झाड आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"काका, मागं बरं हाय ना?" ड्रायव्हरनं आरशातून विचारलं.

"मस्त," मी म्हणालो.

सिद्धेश्वर मंदिरापाशी उतरलो. तलावावर धुकट ऊन, पुलावर कबुतरं. मी घसा साफ केला. माझं पहिलं वाक्य असतं: सोलापूर म्हणजे सोळा गावांचं पूर. ते मी म्हणालोही. ड्रायव्हर आदबीनं थांबला आणि म्हणाला, "तसंबी म्हणत्यात की. पण सिद्धरामेश्वरांच्या टायमाला सोन्नलगी म्हणायचे. त्यांच्या कन्नड वचनात तसंच येतंय."

व्याहींनी खिशातली वही काढली आणि 'सोन्नलगी' लिहून घेतलं. सोळा गावं लिहिली नाहीत.

त्यानंतर मी मुद्दाम दोन पावलं मागे चाललो. तो सांगत होता. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, सिद्धरामेश्वरांनी तलाव खोदून घेतला, गावात ६८ लिंगं स्थापली. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, त्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. इथं माझं ठेवणीतलं वाक्य असतं, की बघा, ही सोलापूरची पहिली सिटी टूर, तीसुद्धा पायी. मी ते म्हणायला तोंड उघडलं तोवर तो सम्मती कट्ट्याकडे हात करून म्हणाला, "आणि दुसऱ्या दिवशी हितं लग्न लागतंय. नवरी कुंभाराची, नवरा म्हणजे महाराजांचा योगदंड. अख्खं गाव अक्षता टाकतंय. आमच्या घरात कुणाचं लग्न ठरलं नसलं तरी जानेवारीत एक लग्न हायच म्हणतो आमी." विहीणबाई इतक्या मनापासून हसल्या की माझं वाक्य मी गिळलं. अजून पोटात आहे.

त्याची भाषा ऐकून व्याही सुरुवातीला बावरले होते. 'बस येतंय', 'आई सांगतंय', 'गाडी थांबतंय'. पुढे ते हळूच मला म्हणाले, "तुमच्याकडे सगळं नपुंसकलिंगीच का हो?" आता यांना काय सांगायचं? तेलुगू, कन्नड, दख्खनी आणि मराठी एकाच गल्लीत, एकाच नळावर भांडून भांडून असं झालंय. सिद्धरामेश्वरांनी ६८ लिंगं दिली ती आम्ही नऊशे वर्षं सांभाळली. व्याकरणातली तीन मात्र सांभाळता आली नाहीत. हे वाक्य मला तिथल्या तिथं सुचलं, ड्रायव्हरच्या पाठांतरात नव्हतं, आणि व्याहींनी तेही लिहून घेतलं. तेवढं समाधान.

किल्ला उरकला. किल्ल्यात तो फार रमला नाही, मीही रमत नाही; बहामनी काळ, दुहेरी तट, खंदक एवढं सांगून झालं की पुढं नुसतं चालणंच असतं. इंद्रभुवनासमोर त्यानं गाडी अशा कोनात लावली की मलाही तिकोनी काचेतून ते नक्षीकाम दिसावं. हे मला आवडलं. वारदांनी बांधलेली ही वास्तू, पुढं महापालिकेची झाली, हे आम्ही दोघांनी एकदमच सांगितलं आणि दोघंही गप्प झालो.

चार पुतळ्यांपाशी त्यानं गाडी बंद केली. माझं इथलं भाषण मोठं असतं. १९३० साली नगरपालिकेवर राष्ट्रीय झेंडा चढला, मे महिन्यात शिंदीची झाडं तोडण्यावरून रूपाभवानीच्या देवळापाशी गोळीबार, मग शहरात मार्शल लॉ, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. त्यानं फक्त चार नावं घेतली. मल्लप्पा धनशेट्टी. कुर्बान हुसेन. श्रीकृष्ण सारडा. जगन्नाथ शिंदे. प्रत्येक नावानंतर जरासा थांबला. मग म्हणाला, "आमच्या गल्लीत आजबी ह्याच चार घरांची माणसं हायत." आणि गाडी सुरू केली. बायकोनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी लावला नाही.

यानंतर माझ्या फेरीत चादरीचं दुकान येतं. थंडगार, काचेचं, गादीवर बसायचं, शेट चहा मागवतात, मुलगा एकामागून एक चादरी फेकत उलगडतो. ड्रायव्हरनं मात्र गाडी सरळ पूर्व भागात घातली. जुनी मिल मागं पडली. १८७७ साली इथं गावातली पहिली कापडगिरणी निघाली. आता नुसतं 'जुनी मिल' म्हटलं तरी रिक्षावाला बरोबर सोडतो. अशोक चौक ओलांडला आणि त्यानं एसी बंद केला, चारही काचा खाली केल्या.

"आधी आवाज ऐका. मग बघा."

आवाज आला. आधी एका बाजूनं, मग दोन्ही बाजूंनी, मग गाडीच्या पत्र्यातून पायात. खट्टाक-खट्टाक-खट्टाक, पण एकसारखं नाही. दहा-वीस माग आपापल्या चालीनं चाललेले, मधेच दोन जुळतात आणि लगेच सुटतात. मी या गावात जन्मलो. हा आवाज मी ऐकलाच नव्हता असं नाही. पण मी रेल्वे लाइन्सच्या बाजूचा माणूस. आमच्याकडे तो पोचेपर्यंत चादरीची घडी झालेली असते, वर लेबल असतं.

गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून आम्ही एका कारखान्यात शिरलो. कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली, सहा माग. ड्रायव्हरनं इथं अकरा वर्षं काम केलं होतं. सगळे त्याला ओळखत होते, पण त्या गदारोळात कुणी बोलत नाही. भुवया, बोटं, मान यांवर भागतं. त्यानं दोन बोटं वर केली, पलीकडून एकानं मान हलवली. चहाचं ठरलं होतं, हे चहा आल्यावर कळलं.

मागाच्या डोक्यावर जॅकार्डचा सांगाडा आणि त्यावरून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकत होती. एक पुठ्ठा, आडव्या धाग्याची एक खेप. जिथं भोक, तिथं सुई आत जाते आणि खालचा उभा धागा उचलला जातो. जिथं भोक नाही, तिथं धागा खालीच. चादरीवरचा मोर म्हणजे या पुठ्ठ्यांवर कुणीतरी आधीच पाडून ठेवलेली भोकं. व्याही बँकेत होते, संगणक आले तेव्हाचे. ते पुठ्ठ्यांकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

तेवढ्यात एक उभा धागा तुटला. माग थांबला. कारागीर पलीकडच्या मागावर होता. ड्रायव्हरनं वाकून, बाह्याही न सारता, तुटलेली दोन टोकं अंगठा आणि तर्जनीत धरली, बोट एकदा वळवलं, झालं. गाठ इतकी बारीक की मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा घालून बघितलं तरी सापडली नाही. त्यानं दांडा ओढला, माग पुन्हा चालू. त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर कापसाची लव बसली होती. ती त्यानं झटकली नाही.

"चादर उलटी करून बघा, काका," तो माझ्या कानाशी ओरडला.

मी केली. निळ्यावर पांढरा मोर होता तो पांढऱ्यावर निळा झाला. मी आजवर किमान दोनशे पाहुण्यांना चादरी घेऊन दिल्या असतील, आमच्या घरात पंधरा तरी आहेत, आणि दोन्ही बाजूंना नक्षी असते, रंग तेवढे अदलाबदली होतात, हे मी रोज पांघरत होतो. बघितलं नव्हतं. सुलट-उलट विचारणाऱ्या पाहुण्यांना मी लेबल दाखवत आलो.

शेजारच्याच गल्लीत त्याच्या मावशीचं घर होतं. हे काही त्या आठ तासांत लिहिलेलं नव्हतं. उंबऱ्यापाशी मावशी मांडीत सूप घेऊन बसली होती. सुपात तंबाखू, मापानं कापलेली टेंभुर्णीची पानं, दोऱ्याचं रीळ. डोळे टीव्हीवरच्या तेलुगू मालिकेत, बोटं सुपात. पान, चिमूट, वळ, दुमड, दोरा. विहीणबाईंनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. दिवसाला किती विड्या होतात विचारल्यावर मावशीनं भाच्याकडे बघितलं, भाच्यानं सांगितलं, "हजाराचा हिशोब असतंय. हात चालला तर होतंय." मग तिनं तेलुगूतून आम्हाला बसायला सांगितलं. शब्द कळले नाहीत, पण तिनं सतरंजीवरची मांजर ढकलली, ते कळलं. बसलो. डॉ. कोटणीसांचं स्मारक, कंबर तलाव, रूपाभवानी, सगळं त्या सतरंजीवर राहिलं. व्याहींनी घड्याळ बघितलं नाही. मी बघितलं, सवयीनं.

संध्याकाळी घरी सोडताना व्याही त्याला म्हणाले, "तुम्ही फार छान दाखवलंत." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्हीही." हे 'आणि तुम्हीही' नाशिककरांच्या सभ्यतेला शोभणारं होतं. काटा बघितला. चौतीस किलोमीटर. उरलेल्या सेहेचाळिसांचं काय करायचं, हे ड्रायव्हरनं विचारलं नाही, मीही नाही.

महिनाभरानं माझा शाळेतला मित्र पुण्याहून आला. मी त्याला माझ्या गाडीत घातलं, पुढच्या सीटवर. सम्मती कट्ट्यावर "आमच्याकडे जानेवारीत एक लग्न असतंच" म्हटलं, तो हसला. चार पुतळ्यांपाशी फक्त नावं घेतली आणि प्रत्येक नावानंतर थांबलो. तो गंभीर झाला. अशोक चौक ओलांडल्यावर एसी बंद केला, चारही काचा खाली केल्या.

"आधी आवाज ऐक. मग बघ."

मित्रानं कान दिला. मीही दिला. एक कुत्रं ओरडलं. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती आणि कारखान्यांची दारं ओळीनं बंद.

"कसला आवाज रे?" मित्र म्हणाला.

मी गाडी बाजूला घेतली आणि ड्रायव्हरला फोन लावला.

"काका, आज सुट्टी असतंय की!" तो पलीकडून म्हणाला. "निघायच्या आधी मला इचारायचं न्हवं का."