‘इन्स्टंट’चा महिना नक्की कोणाचा?

जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांत घटनेनंतर किती दिवसांनी बातमी छापली, याच्या तक्त्यात उणे पंधरा आले! बातमी छापली ६ नोव्हेंबरला आणि घटना घडली २१ नोव्हेंबरला, असं उत्तर बघून ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईची नोंद तिथल्या तिथे बाजूला काढली. ‘२१ इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्याची एकवीस, ‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याची, हे इथे कुणाला सांगायला नको. अंक ज्या महिन्याचा, ‘इन्स्टंट’ही त्याच महिन्याचा, या नियमावर आपण आजवर निवांत होतो. तो नियम इथे साफ झोपला.

ब्रिटिश आरमाराचा सेनानी कॉलिंगवुड याचा लढाईबद्दलचा खलिता २२ ऑक्टोबर १८०५चा, युरिॲलस जहाजावरून लिहिलेला. लंडन गॅझेट या सरकारी पत्राच्या ६ नोव्हेंबरच्या जादा अंकात तो ‘सोमवार, २१ इन्स्टंट’सकट छापला गेला. म्हणजे महिना लिहिणाऱ्याचा, छापणाऱ्याचा नव्हे. इथे निदान आकडाच बोंब मारतो, सहा तारखेच्या अंकात एकवीस तारखेची लढाई कुठून येणार? पण तिथे ‘३ इन्स्टंट’ असतं, तर कुणाच्या मनात शंकाही आली नसती.

आणि खलित्याला निदान वर तारीख-ठिकाण असतं. खरी डोकेदुखी कात्रीकामाची. लंडनचा मजकूर परगण्यातली वृत्तपत्रं उचलायची, त्यांचा जहाजाने सिडनीला जायचा. वाटेत एखादा दक्ष संपादक ‘इन्स्टंट’ खोडून महिन्याचं नाव घालायचा, दुसरा होतं तसं खिळ्यांत बसवायचा. कुठे ‘अमुक पत्राच्या १० इन्स्टंटच्या अंकातून’ असं वर म्हटलेलं आणि आत आणखी एक ‘इन्स्टंट’. दोन्हींचा महिना एकच असेल याची हमी कोण देणार?

तोड सापडली ती त्या ‘सोमवार’मध्ये. १८०५ साली २१ ऑक्टोबरला सोमवार होता, २१ नोव्हेंबरला गुरुवार. वार दिलेला असला की कॅलेंडर काढायचं आणि वार जुळतो तो महिना धरायचा. अडकलेल्या नोंदी पटापट सुटायला लागल्या, त्या संध्याकाळी चहा जरा जास्तच गोड लागला.

मग फेब्रुवारी-मार्च आडवे आले. लीप वर्ष नसेल तर दोन्ही महिन्यांत तारखांचे वार तेच. हेही चाललं असतं, पण सिडनीचं काय? शिडाच्या जहाजाला तिकडे पोचायला तीन-चार महिने लागायचे, आणि एप्रिल-जुलै ही जोडी दर वर्षी वारांनी तंतोतंत जुळते. बरोबर ९१ दिवसांचं, म्हणजे तेरा आठवड्यांचं अंतर. सप्टेंबर-डिसेंबरचंही तेच. म्हणजे लंडनची एप्रिलची बातमी सिडनीच्या जुलैच्या अंकात बिनबोभाट ‘चालू महिन्याची’ होऊन बसते, आणि वारही साक्ष द्यायला तयार! नेमक्या याच अंतरावर कॅलेंडरने दगा द्यावा, हा काय योग म्हणायचा.

शोधाबद्दल एक युक्ती. अठराव्या शतकातल्या अंकांच्या डिजिटल प्रतींत ‘इन्स्टंट’ किंवा त्याचा संक्षेप ‘इन्स्ट’ शोधून फार हाती लागत नाही, कारण तेव्हाच्या छपाईतला लांब एस (ſ) दिसतो एफसारखा आणि पान वाचणारं यंत्र ‘इन्स्ट’चं ‘इन्फ्ट’ करून ठेवतं. सरळ तो चुकीचा शब्दच टाका, ढिगाने सापडतील. लंडनच्या टाइम्सने १८०३ मध्ये लांब एस सोडला, तेव्हा त्याच्यापुरती ही युक्ती तिथवरच. आणि माझं मत विचाराल तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ या ऑनलाइन संग्रहाला तोड नाही. फुकट आहे, आणि यंत्राने वाचलेला मजकूर आपल्याला दुरुस्त करता येतो. एका पैसे घेणाऱ्या संग्रहाने मात्र मला पानाची उजवी कड कापलेली चित्रं दिली. तारीख नेमकी त्याच कडेला. तक्रारीला उत्तर नाही.

आता तक्ता बदलतोय. ‘छापील महिना’ हा रकाना बाद. त्याऐवजी ‘मजकूर कुठे लिहिला’ आणि ‘वार दिलाय का’ असे दोन. ९१ दिवसांच्या जोड्या लाल रंगात, त्यांवर जहाज बंदरात लागल्याच्या नोंदी ताडून बघेन.

खरं तर हे लिहिता लिहिताच सुचतंय, सिडनी जरा थांबू दे. १८३२चा ‘दर्पण’ आहे की! बाळशास्त्री जांभेकरांच्या त्या पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी. मोडी कागदांत ‘माहे मजकूर’, म्हणजे ‘इन्स्टंट’सारखंच ‘चालू महिना’, आपण पाहिलेलं आहे. इंग्रजी रकान्यात ‘इन्स्टंट’ असेल, तर समोर मराठीत महिन्याचं नाव मिळण्याची आशा आहे, आणि तसं झालं तर वारांची भानगडच नको. कुणाकडे पहिल्या वर्षाच्या अंकांची वाचण्याजोगी चित्रं असतील तर सांगा. उजव्या कडेसकट हवीत.