बाभळीवरचे काळे डाग आणि कातकामातली इतर बिघडलेली कामं

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, ओल्या बाभळीची वाटी चकमध्ये (लाकूड धरणाऱ्या लोखंडी पकडीत) रात्रभर तशीच राहिली, तर सकाळी तिच्या बुडाशी चार निळे-काळे ठसे दिसतात. चकच्या चार जबड्यांचे. बोटांनाही तोच रंग लागतो. नवीन माणूस पॉलिश पेपर घेऊन ते ठसे घासत बसतो आणि बरंच लाकूड झिजवल्यावर वैतागतो. डाग वरून लागलेला नसतो, तो लाकडातच तयार झालेला असतो.

बाभळीत टॅनिन भरपूर. तिच्या सालीने कातडी कमावतात ती त्याच जोरावर. ओल्या लाकडाला लोखंड लागलं की त्याचा अंश ओलाव्यात उतरतो, टॅनिनला मिळतो आणि शाई तयार होते. ‘शाई’ हा शब्द उपमा म्हणून वापरलेला नाही. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करायची जुनी कृती आहे, तिच्यातली रासायनिक क्रिया हीच.

आता हा डाग मुद्दाम पाडायचा. अर्धा लिटर पांढरं व्हिनेगर घ्या. बारीक स्टील वूलची एक गुंडी भांडी घासायच्या साबणाने धुऊन घ्या, कारण तिला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं आणि ते राहिलं तर व्हिनेगर लोखंडापर्यंत पोचत नाही. गुंडी पिंजून बरणीत टाका. झाकण सैल ठेवा. आत हायड्रोजन सुटतो, घट्ट लावलं तर बरणी फुटेल. आणि हायड्रोजन पेट घेतो म्हणून ती गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. तीन-चार दिवसांत बुडबुडे कमी झाले की जुन्या सुती कापडातून गाळा.

बाभळीच्या गाभ्यावर याचा एक हात दिला तर मिनिटभरात लाकूड राखाडी होतं आणि मग बघता बघता काळं. बाहेरचं पांढरं लाकूड मागे राहतं, राखाडीवरच थांबतं, आणि एकाच वाटीवर दोन रंगांची सरळ हद्द दिसते. आंब्यावर मात्र नुसतं मळकट होतं, कारण तिथे टॅनिनच कमी. त्यासाठी गावातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून हिरडा पूड आणायची. दोन चमचे पूड २०० मिली गरम पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून लाकडाला लावायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग लोखंडी पाणी. हाच क्रम. उलट केलं की रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो.

यात बिघडतं ते बहुतेक पाण्यामुळे. पाणी लागलं की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि काळा पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून रंगाआधी एकदा साध्या पाण्याने पुसून, वाळवून, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात मारायचा. रंगानंतर चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसलं नाही, तर व्हिनेगरचा वास आठवडाभर जात नाही. आणि हा काळा रंग पातळ असतो, कागदाइतकासुद्धा खोल जात नाही.

हा पातळपणाच कामाचा आहे. आधी पार्टिंग टूलच्या (अरुंद खाच पाडायच्या हत्याराच्या) टोकाने बारीक खाचा पाडा, सगळी वाटी काळी करा, वाळल्यावर धारदार गाऊजने (वाटी कातायच्या पन्हळीसारख्या पटाशीने) वरचा पापुद्रा उडवा. काळा रंग फक्त खाचांत उरतो, रेघा छापल्यासारख्या स्वच्छ येतात. ब्रशने अशी रेघ ओढून दाखवा म्हणावं. (ज्या भांड्यात खायचं त्याच्या आतून मी हा रंग लावत नाही. बाहेरून खुशाल.)

अशा गोष्टींना लोक ‘शोध’ म्हणतात. पण पहिल्यांदा जे होतं तो अपघातच, दुसऱ्यांदा तसंच करून दाखवता आलं तरच ती गोष्ट आपली. त्यासाठी लेथशेजारी वही लागते: लाकूड कुठलं, ओलं की सुकं, वजन किती, फेरे किती, महिना कुठला. महिना लिहायचाच, कारण पुण्यातलं कातकाम निम्मं हवेवर चालतं.

एप्रिलच्या दुपारी इथली हवा इतकी कोरडी असते की सावलीत ठेवलेलं लाकूडही सहा-सात टक्के ओलाव्यावर येतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेच लाकूड हवेतलं पाणी पिऊन पंधरा-सोळा टक्क्यांवर जातं. मे महिन्यात टचकन बसणारं डबीचं झाकण पावसाळ्यात उघडत नाही ते यामुळे. डबी नुसती सगळीकडून सारखी फुगली असती तर झाकणही तेवढंच फुगलं असतं आणि भागलं असतं. पण दोघंही अंडाकृती होतात, आणि त्यांचे तंतू वेगवेगळ्या दिशेला असले तर दोन अंडाकृती एकमेकांत अडकतात. झाकण आणि डबी एकाच तुकड्यातून काढा, तंतू जुळवून बसवा आणि कुठल्या स्थितीत जुळतात त्याची बुडाशी बारीक खूण ठेवा. उन्हाळ्यात केलेल्या डबीचं झाकण किंचित सैलच बरं.

हाच अंडाकृतीपणा ओल्या लाकडात मोठा मिळतो. सुकताना लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही. रुंदीत आटतं, आणि वर्षवलयांच्या कडेकडेने जेवढं आटतं ते गाभ्याकडून सालीकडे आटण्याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे ओल्या ओंडक्यातून काढलेली आठ इंची गोल वाटी सुकल्यावर तंतूंच्या दिशेने आठ इंचच राहते आणि आडवी आठ ते दहा मिलिमीटर कमी भरते. काठही सपाट न राहता हलकी लाट घेतो. ज्यांना गोल वाटी हवी ते कच्ची वाटी जाड ठेवतात, व्यासाच्या दहा टक्के म्हणजे आठ इंचाला पाऊण इंच ते सहा सूत. मग कागदी पिशवीत घालून दर आठवड्याला वजन करतात आणि वजन थांबलं की पुन्हा कातून गोल करतात.

पाऊण इंच आणि सहा सूत एकच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), हे लिहून झाल्यावर लक्षात आलं. राहू द्या, सुतार तसंच बोलतात.

वाकडेपणाच हवा असेल तर एका बैठकीत दोन सुतांपर्यंत पातळ करा. भिंत सगळीकडे सारखी हवी. बूड जाड राहिलं की काठ आटतो, बूड आटत नाही आणि मधे तडा जातो. ओंडक्याच्या अगदी मधला, बोटाएवढा मऊ भाग वाटीत येऊच देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो. काठ आधी पूर्ण करून घ्या, मग इंच-इंच करत खाली जा आणि पुन्हा काठाला टूल लावू नका. अर्ध्या तासात काठ वाकायला लागलेला असतो, गाऊज त्याच्या उंच भागावर आदळतं आणि वाटीचे तुकडे होतात. जेवायला जायचं असेल तर वर प्लास्टिकची पिशवी बांधून जा.

इथे एक गोष्ट आपोआप हाती लागते. आंबा किंवा सुबाभळीसारखं फिकट लाकूड ओलं असताना दोन सुतांखाली गेलं की त्यातून उजेड दिसतो. वाटीमागे दिवा ठेवा. पातळ भाग केशरी, जाड भाग काळपट. कॅलिपर बाजूला ठेवून उजेडावर भिंत मोजता येते. सुकल्यावर हा उजेड बराच मंदावतो.

आंब्याचं लाकूड पावसाळ्यात ओलं राहिलं की त्यावर बुरशी चढते. सगळं लाकूड बाद समजून जाळण्याआधी एक काप काढून बघा. आत बोरूने काढाव्यात तशा वेड्यावाकड्या काळ्या रेघा असतात. दोन बुरशींनी आपापल्या हद्दीवर घातलेली ही कुंपणं. त्या मुद्दाम आणायच्या तर जूनअखेर ताजा ओंडका ओल्या ढलप्यांसकट सैल बांधलेल्या पिशवीत ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी टोकावरून एक चकती कापून बघा. नख रुतायला लागलं की उशीर झाला. अर्धवट मऊ भागावर पातळ फेव्हीक्विक किंवा चपडा लाखेचं पातळ द्रावण मुरवून मगच शेवटचा हात घ्या, नाहीतर तंतू उपटून येतात. ही धूळ घासताना एन-९५ मास्क हवाच. बुरशीची धूळ फुप्फुसाला भुश्शापेक्षा वाईट.

थरथरीचं गणित मला सगळ्यांत आवडतं. स्क्रेपर (लाकूड खरवडायचं हत्यार) टूल रेस्टच्या, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीच्या, फार बाहेर आला की थरथरतो आणि लाकडावर खवल्यांसारखी नक्षी उमटते. एरवी ही शिवी खायची कामगिरी. पण पॉवर हॅकसॉच्या तुटक्या पात्याचा (भोसरीच्या भंगारात मिळतो) अर्धा इंच रुंद तुकडा घासून टोक गोल केलं, लाकडी मुठीत धरून दीड इंच बाहेर काढला, आणि आडव्या कापाच्या बाजूला, म्हणजे जिथे तंतूंची टोकं दिसतात तिथे सेकंदभर टेकवला, तर तीच नक्षी हवी तशी येते. लेथ मिनिटाला १२०० फेऱ्यांवर म्हणजे सेकंदाला वीस. पातं सेकंदाला ८०० वेळा थरथरलं तर एका फेऱ्यात ४० खुणा. लेथ ६०० वर आणा, खुणा ८०. पातं थोडं आत घेतलं तर ते कडक होऊन जलद थरथरतं आणि नक्षी बारीक होते. भागाकार पूर्ण आला नाही तर प्रत्येक फेऱ्यात खुणा जरा सरकतात आणि नक्षीला भोवऱ्यासारखा पीळ पडतो. हा पीळ कुणी आखून काढत नाही, फेऱ्यांचं बटण जरासं फिरवून तो शोधावा लागतो.

लाकूड मात्र कठीण हवं: बाभूळ, चिंच, बोर, शिसव. सागावर खवले फाटतात. नक्षी उमटल्यावर लोखंडी पाणी लावून वरून हलकं घासलं, की खवल्यांचे तळ काळे आणि कडा उजळ.

सनमाइकाच्या तुकड्याची कड फिरत्या लाकडावर दाबून भाजलेली रेघ काढता येते, हे बहुतेकांना माहीत असतं. एरवी अशी रेघ फिरत्या लाकडावर तार ताणून धरून काढतात, पण वाटीच्या आतल्या बाजूला तार पोचत नाही, तिथे हाच उपाय. आधी खाच, मग दाब, धूर दिसला की थांबा. तार वापरलीत तर दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधा, बोटाला कधीच गुंडाळू नका.

वेग मोजायचा जुना हिशोब असा: इंचातला व्यास गुणिले फेरे, उत्तर ६००० ते ९००० च्या मधे. आठ इंचाला ७५० ते ११००. ओबडधोबड ओंडक्याला त्याहून कमी, आणि तोंडावर शील्ड.

जुन्या वाड्यांचा साग भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात मिळतो, कधी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारातही एखादा खांबाचा तुकडा हाती लागतो. हा साग लेथवर लावण्याआधी चुंबक फिरवा. आत गेलेल्या खिळ्याने धारेला खड्डा पडतो, आणि सागात वाळूसारखी सिलिका असल्याने धार तशीही लवकर जाते. खिळा उपटल्यावर भोकाभोवती निळसर-काळं वलय दिसतं. पन्नास-शंभर पावसाळ्यांत खिळ्याने तिथे हळूहळू तेच केलेलं असतं जे आपण बरणीत चार दिवसांत करतो. भोक कापून टाकू नका. तुकडा चकवर बसवताना असं वळवा की वलय काठाच्या अर्धा इंच खाली येईल. तिथे भिंत पातळ होताना भोकाची कड उचकटते, म्हणून आधी त्यात चपडा लाख वितळवून भरा, काठाचा हात झाला की सुईने काढून टाका.