तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा ताण झेपतो कसा?

चवथीला गणपतीवरची फळांची माटोळी बांधताना जाऊबाईंनी विचारलं, वाळपईच्या बाजारात जुन्या मैत्रिणीनं विचारलं, आणि कोविडनंतर तर भेटेल तो विचारतो. मी "सवय झाली" म्हणून सुटते. ते खोटं आहे.

आरोग्यसेविकेच्या कामाचा वैताग येतो, तो वेगळा. रजिस्टरं भरा, तीच माहिती परत मोबाईलवर भरा, वर संध्याकाळी फोन, "रिपोर्ट कुठाय?" त्यावर माझा उपाय म्हणजे घरी येऊन मुलांवर ओरडणं. चांगला उपाय नाही, ठाऊक आहे. आम्हाला एकदा ताण कमी करण्याचं शिबिरही घडलं. डोळे मिटून श्वास मोजायचे. चौदाव्या श्वासाला मला राहिलेली घरं आठवली.

ताण म्हणाल तर तो रजिस्टरातल्या दोन शब्दांत आहे: "घर बंद".

2015 मध्ये आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोचिडीच्या चाव्याने होणारा माकडताप आला तेव्हापासून आमची धावपळ तुम्ही पाहिलीच आहे. पाचोळ्यात गोचीड, आणि काजूच्या बिया वेचायच्या त्या पाचोळ्यातूनच. 2017 च्या फेब्रुवारीत मी एका वाड्यावर लशीचा दुसरा डोस आणि गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायच्या तेलाच्या बाटल्या घेऊन गेले. एका घराला कुलूप. माणूस काजूच्या बागायतीत असणार हे उघड होतं. वर काजूच्या दारूच्या भट्टीचा धूर दिसत होता. चढण वीस मिनिटांची. चार वाजून गेले होते, लशीच्या डब्यातला बर्फ विरघळत आला होता, पायात नवी चप्पल चावत होती. मी "घर बंद" लिहिलं आणि उतरले.

खोटं काय लिहिलं? घर बंदच होतं.

नवव्या दिवशी तो तापाने फणफणला. डोकं ठणकत होतं, सांधे धरलेले, हिरड्यांतून रक्त. मी पाहिल्यापाहिल्या माकडताप ओळखला, त्याच दिवशी रक्त तपासणीला पाठवलं, गाडी मागवली. इस्पितळातून तो अठराव्या दिवशी घरी आला, तो भिंत धरून चालत. त्या वर्षी त्याच्या बागायतीतले बोंडू झाडाखालीच कुजले.

मी हिशेब पुष्कळ केला. त्या दिवशी सुई टोचली असती तरी गुण यायला दिवस लागले असते. शिवाय ही लस हवा तसा गुण देत नाही म्हणून पुढे बंदच झाली. ते कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याची लाज अजून जात नाही. कारण लस सोडा, तेल होतं ना पिशवीत? ते तर त्याच संध्याकाळी अंगाला लागलं असतं. लावलं असतं का त्याने? वास येतो म्हणून निम्मे लोक लावत नाहीत. ही झाली माझी बाजू. पण बाटली माझ्या पिशवीतून परत आली, ही कुणाची?

तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, तू त्या दिवशी एकशे दहा घरं केली होतीस, एकशे अकरावं राहिलं तर कुठे बिघडलं! तिचं चुकीचं नाही. हल्ली मी धूर दिसला की चढते. गुडघे गेलेत. नवरा म्हणतो, हे काम नव्हे, प्रायश्चित्त आहे, आणि त्याचा भुर्दंड आम्ही भरतो. तोही चुकीचा नाही.

त्या माणसाला मी काही सांगितलेलं नाही. त्याच्या लेखी मी जीव वाचवणारी बाई. दर हंगामात सकाळी सकाळी नीऱ्याची, म्हणजे बोंडूच्या ताज्या रसाची, बाटली पाठवतो. नीरो दुपारपर्यंत आंबतो, म्हणून मुलं लगेच संपवतात. मला देऊ करतात तेव्हा घसा धरलाय म्हणते.